त्वचारोग विभागातला कॉलरा

१९९६ च्या सप्टेंबरात, एका सोमवारी सकाळी, बंगळुरात बसवनगुडीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं कॅन्टीन महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी बंद केलं. पाण्याच्या टाकीला सील लावलं. नळाच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून घेतले. कारण रुग्णालयाच्याच साप्ताहिक अहवालात छापलेलं होतं. मागच्या आठवड्यात तिथे कॉलऱ्याचे बरेच रुग्ण येऊन गेले होते, आणि ते सगळे त्वचारोग विभागात आले होते.

त्यांच्यापैकी एकालाही जुलाब नव्हते.

मी तेव्हा त्याच भागातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो. त्याआधी बेळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कंपनीचे मालक प्रसाद यांना कॉम्प्युटर येणारी माणसं मिळत होती. शब्द तपासणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी मला घेतलं. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमध्ये आजारांच्या नावांची एक मोठी यादी होती. डॉक्टर केसपेपरवर निदान लिहीत. ऑपरेटर त्या निदानाशी जुळणारं नाव यादीतून निवडत. प्रत्येक नावाला एक नंबर होता. ही यादी नीट ठेवणं माझं काम होतं. अशा यादीला टर्मिनॉलॉजी म्हणतात.

अडचण अशी होती की आमची यादी मुळात टर्मिनॉलॉजी नव्हतीच. आजार आणि मृत्यू मोजण्यासाठी जगभर जे वर्गीकरण वापरतात, ते सुरुवातीला कुणीतरी जसंच्या तसं उचलून कॉम्प्युटरमध्ये घातलं होतं. वर्गीकरण मोजणीसाठी असतं. मोजणीतून कुणी सुटता कामा नये, म्हणून त्यात प्रत्येक भागाच्या शेवटी ‘इतर’ नावाचा एक डबा ठेवतात. टर्मिनॉलॉजी मात्र या रुग्णाला काय झालंय ते सांगण्यासाठी असते. ‘तुम्हाला इतर झालंय’ असं कुठलाही डॉक्टर रुग्णाला सांगत नाही.

‘इतर’ची दुसरी खोड वर्तमानपत्रात काम केलेल्याला लगेच कळते. निवडणुकीच्या निकालाच्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘इतर’ असतो. पुढच्या निवडणुकीत त्यातल्या एखाद्या पक्षाला स्वतःचा रकाना मिळतो, आणि त्याच ‘इतर’चा अर्थ बदलतो. नाव तेच, आतला माल वेगळा. दोन निवडणुकांचे ‘इतर’ शेजारी ठेवून कुणी निष्कर्ष काढला, तर वृत्तसंपादक बातमी परत पाठवतो.

आमच्या यादीत त्वचारोगांच्या शेवटच्या डब्याचा नंबर ७०९ होता. पूर्ण नाव ‘त्वचेचे व त्वचेखालील ऊतींचे इतर विकार’.

जुलैत त्वचारोग विभागाच्या प्रमुख डॉ. शांता जाधव आमच्या ऑफिसात आल्या. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षं बंगळुरातच राहिलेलं. घरची भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड कुठून शिरतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“देसाई, हे स्वल्प बघा,” म्हणत त्यांनी एक सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवलं.

ते परशुराम नावाच्या कामगाराचं होतं. परशुराम खानापूरकडचा. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात टाकीवर होता. लोखंडी भागांना चकचकीत मुलामा देण्यासाठी ते क्रोमिक आम्लाच्या टाकीत बुडवतात. आम्लाचे शिंतोडे हातावरच्या एखाद्या ओरखड्यात गेले, की तिथे गोल खड्डा पडतो. पंचिंग मशीनने भोक पाडावं तसा. दुखत फारसा नाही, पण टाकीवरचं काम चालू असेपर्यंत बराही होत नाही. याला क्रोम अल्सर म्हणतात. डॉ. जाधवांनी केसपेपरवर हेच लिहिलं होतं. सर्टिफिकेट कॉम्प्युटर छापत असे. त्यावर छापून आलं होतं, ‘त्वचेचे व त्वचेखालील ऊतींचे इतर विकार’.

“हा कागद घेऊन तो मालकाकडं गेला,” डॉक्टर म्हणाल्या. “मी त्याला सांगितलं होतं, टाकीवरून काढून दुसरं काम द्या म्हणून माग. मालक काय म्हणाला? यात टाकीचं नाव कुठं आहे? हा तुझ्या अंगातला रोग, गावाकडनं घेऊन आलास. दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत हात बरे कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो.”

“आणि टाकीवर असेपर्यंत हात बरे होणार नाहीत,” मी म्हणालो.

“सरी, बरोबर. आता कळलं ना, मी इथवर चालत का आले ते.”

प्रसाद शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. “यादीत क्रोम अल्सर घालू या. पाच मिनिटांचं काम.”

“घाला. पण ७०९ तिथं असेपर्यंत तुमचं नवं नाव कुणी निवडणार नाही. आमच्या सुधाक्कांना विचारा.”

सुधाक्का विभागातल्या सर्वांत जुन्या ऑपरेटर. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. “डॉक्टर लोकांचं अक्षर लावत बसले, तर लाइन बुल टेंपलपर्यंत जाईल. लागलं तर लागलं, नाहीतर ७०९, एंटर, एंटर. सगळे तेच करतात.” पहिल्या एंटरला नाव पडद्यावर येत असे. दुसऱ्या एंटरला ते नोंदलं जात असे.

त्यामुळे ७०९ निवृत्त करायचं ठरलं. आमच्या कामात निवृत्त करणं म्हणजे पुसून टाकणं नाही. हजारो जुन्या नोंदींवर तो नंबर असतो. तो पुसला, तर त्या नोंदी मुक्या होतात. म्हणून नाव तसंच ठेवायचं, त्यावर ‘निवृत्त’ असा शिक्का मारायचा, तारीख आणि कारण लिहायचं, त्याच्याऐवजी कोणती नावं बघावीत ते लिहायचं. जुन्या नोंदी वाचता येतात. नवा रुग्ण मात्र त्या नावावर टाकता येत नाही.

“म्हणजे पेन्शन,” प्रसाद म्हणाले.

“पेन्शन,” मी म्हणालो. “पण ऑफिसात येऊन सही करायची नाही.”

प्रसादना आणखी एक सोपी गोष्ट सुचली होती. जुने सगळे ७०९ एका झटक्यात क्रोम अल्सरमध्ये हलवायचे. छोटासा प्रोग्रॅम पुरला असता. डॉ. जाधव शांतपणे म्हणाल्या, “हलवा की. माझ्याकडं एक शाळेच्या बाई हाताला घट्टे पडले म्हणून आल्या होत्या, त्याही ७०९. उद्यापासून त्या पीण्यात प्लेटिंग करतील.” जुन्या नोंदी तशाच राहिल्या.

नव्या यादीत क्रोम अल्सर आला. बाकीचीही काही नावं आली. ७०९ वर शिक्का बसला. ऑफिसात प्रसादनी स्वतः चाचणी घेतली. ७०९ टाइप केलं, एंटर दाबलं. मशीननं बीप दिला, नंबर घेतला नाही आणि निवडण्यासाठी पूर्ण यादी समोर ठेवली. प्रसादनी पडद्याकडे पाहून मान हलवली. यादी फ्लॉपीवर घालून रुग्णालयात नेली. सप्टेंबरातल्या एका सोमवारपासून ती सुरू झाली. त्याच्या पुढच्या सोमवारी आरोग्य अधिकारी आले.

मी आणि प्रसाद पोचलो तेव्हा कॅन्टीनचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर दोन इंटर्न बाय-टू कॉफीसाठी, म्हणजे एक कॉफी दोघांत घेण्यासाठी, उभे राहून परत जात होते. अधिकारी डॉ. जाधवांच्या खोलीत होते. वयस्क, सफारी सूट, बोलणं कमी. रुग्णालयाचे अधीक्षकही तिथेच होते. ते साप्ताहिक अहवाल पुन्हा पुन्हा उलटून पाहत होते.

“तुमचे हे रुग्ण,” अधिकारी कन्नडमध्ये डॉक्टरांना विचारत होते, “त्वचेच्या विभागात कॉलरा घेऊन का आले?”

तेवढ्यात दारात परशुराम उभा राहिला. हातात नवं सर्टिफिकेट. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात त्याला सांगून पाठवलं होतं, की या वेळी कागदावर बरोबर नाव येईल.

“मॅडम,” तो मराठीत म्हणाला, “हाताला बी कॉलरा होतोय काय?”

अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हतं, पण कॉलरा कळलं. त्यांनी कागद मागून घेतला. मग चौकशी कन्नडमध्ये सुरू झाली. परशुरामला दोन्ही भाषा सारख्याच येत होत्या.

“जुलाब?”

“नाही साहेब.”

“उलट्या?”

“नाही. इडली खाऊन आलोय.”

“कुठली?” अधिकाऱ्यांनी लगेच विचारलं.

“घरची साहेब. हॉटेलात कोण बसू देतंय? मालकानं गेटावरनंच परत पाठवलं. मागच्या वेळी निदान आत घेऊन शिव्या दिल्या होत्या. चहाचा माझा ग्लाससुद्धा बाहेर ठेवलाय, काठीनं ढकलून.”

अधिकाऱ्यांनी परशुरामचे हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “हा कॉलरा नाही.”

“तेच मी गेटावर सांगत होतो,” परशुराम म्हणाला.

चूक शोधायला वेळ लागला नाही. प्रसाद सुधाक्कांच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, “अक्का, रोज करता तसं करून दाखवा.” सुधाक्कांनी डाव्या हातात केसपेपर धरला, नजर त्याच्यावर ठेवली आणि उजव्या हातानं ७०९, एंटर, एंटर केलं. पहिल्या एंटरला मशीननं नंबर नाकारून यादी समोर ठेवली. यादी नंबरवार होती. कर्सर पहिल्या ओळीवर उभा होता. दुसऱ्या एंटरनं ती ओळ निवडली. जगभरच्या त्या वर्गीकरणात पहिला नंबर, ००१, कॉलऱ्याचा आहे.

“बीप ऐकू आला नाही?” प्रसादनी विचारलं.

“इथं डोक्यावर पंखे खडखडतात, तो शिपाई टोकन ओरडतो, पोरं रडतात. तुमचा बीप कुणाला ऐकू येणार?”

“पण पडद्यावर दिसत होतं ना.”

“मी पडदा बघत बसले तर केसपेपर कोण बघणार, अण्णा? तुम्ही?”

प्रसादनी ऑफिसात चाचणी घेतली तेव्हा पंखा नव्हता, रांग नव्हती आणि त्यांनी एंटर एकदाच दाबलं होतं.

अधीक्षकांना एवढं पुरे होतं. ते सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. “संध्याकाळपर्यंत ७०९ परत आणा,” ते म्हणाले. “इतकी वर्षं त्यानं कुणाचं वाईट केलं नाही. आणि एकदाही माझं कॅन्टीन बंद पडलं नाही.”

प्रसाद म्हणाले, “पाच मिनिटांचं काम.”

डॉ. जाधव म्हणाल्या, “सर, ते परत आलं, तर या माणसाच्या कागदावर पुन्हा ‘इतर’ येईल.”

“कॉलऱ्यापेक्षा बरं.”

“मालकाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. दोन्हीत टाकीचं नाव नाही.”

परशुराम बाहेरच्या बाकावर बसला होता. आयुधपूजेला महिनाभरच उरला होता. अधीक्षकांनी हुकूम मागे घेतला नाही. प्रसादनी खिशातून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. जुनी यादी त्यांनी बरोबरच आणली होती.

अधिकाऱ्यांचं लक्ष या बोलण्याकडे नव्हतं. कॉलरा नाही हे त्यांना वर लेखी कळवायचं होतं, आणि तोंडी शब्दावर ते लिहून देणार नव्हते. “कॉलरा म्हणून नोंदलेले सगळे केसपेपर काढा. एकेक बघणार.”

रेकॉर्डच्या खोलीत तेवढं मोठं टेबल नव्हतं. म्हणून बंद कॅन्टीनची टेबलं जोडली. सुधाक्का केसपेपर आणत होत्या. अधिकारी निदान मोठ्यानं वाचत होते, कुठलं अक्षर लागलं नाही तर डॉ. जाधव सांगत होत्या, मी गठ्ठे लावत होतो. घट्टे एका बाजूला. जुने वण, सुजलेली गाठ, कापल्याची खूण एका बाजूला. जिथं डॉक्टरांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं ते एका बाजूला. कॉलरा कुठंच नव्हता.

एक गठ्ठा मात्र वाढत गेला. अधिकारी वाचत होते, “क्रोम अल्सर. क्रोम अल्सर. हे काय, क्रोम अल्सर. पत्ता पीण्या. पुढचा, पीण्या. पीण्या, दुसरा टप्पा.” मग ते वाचायचे थांबले. त्यांनी तो गठ्ठा स्वतःकडे ओढला, चष्मा काढून पुसला आणि पत्ते पुन्हा पाहिले.

“हे सगळे प्लेटिंगवाले?”

“हो सर,” डॉक्टर म्हणाल्या.

“नाकं तपासलीत यांची?” टाकीवरची वाफ रोज नाकात गेली तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यालाही भोक पडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“जे परत येतात त्यांची तपासते. दोघांना भोक आहे.”

“मग इतके दिवस आम्हाला कळवलं का नाही?”

“दर आठवड्याला कळवत होते,” डॉ. जाधव म्हणाल्या. “‘इतर’ म्हणून.”

एका आठवड्याचे सगळे ‘इतर’ चुकून कॉलऱ्यात पडले होते, म्हणून कुणीतरी ते बाहेर काढून वाचले होते. एरवी ते कुणीच वाचले नसते.

अधिकारी अधीक्षकांकडे वळले. “मला कॉलरा नको. ‘इतर’ही नको. दर सोमवारी हा गठ्ठा हवा, त्याच्या स्वतःच्या नावानं, पत्त्यासकट.”

“देऊ,” अधीक्षक म्हणाले. “आणि कॅन्टीन?”

“पाण्याचा रिपोर्ट आल्यावर.”

अधीक्षकांनी प्रसादची फ्लॉपी उचलून प्रसादच्या हातात दिली. “ही घरी न्या,” ते म्हणाले. हुकूम मागे घेतल्याचं यापेक्षा स्पष्ट त्यांनी काही सांगितलं नाही.

दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली. पाच मिनिटांत झाली नाही. निवृत्त नंबर टाकला तर मशीन यादीच्या सुरुवातीला पळणार नाही, जागच्या जागी थांबेल आणि विचारेल, ‘डॉक्टरांनी काय लिहिलंय?’ डॉक्टरांच्या शब्दाची पहिली तीन अक्षरं टाइप करेपर्यंत एंटर चालणार नाही. तरीही नाव सापडलं नाही तर डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा टाइप करायचा. तो संध्याकाळी माझ्याकडे येणार आणि यादीत घ्यायचा की नाही ते मी डॉक्टरांना विचारून ठरवणार. आणि डॉक्टरांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं असेल तर ‘त्वचारोग’ एवढंच निवडायचं. ‘त्वचारोग’ आणि ‘इतर त्वचारोग’ यांत फरक आहे. पहिलं नाव सांगतं, की त्वचेचा आजार आहे, याहून जास्त आज ठाऊक नाही. यादी उद्या कितीही वाढली तरी ते खरंच राहतं.

सुधाक्कांनी एकच अट घातली. “तीन अक्षरं मारते. पण त्यानंतर एंटर दोनच. तिसरं लावलंत तर तुम्हीच येऊन बसा.” एंटर दोनच ठेवले. या वेळची चाचणी ऑफिसात झाली नाही. भर ओपीडीच्या वेळी, पंखे चालू असताना, सुधाक्कांनी पडद्याकडे न बघता केली. प्रसाद बाजूला उभे राहून शिपायाच्या आरोळ्या ऐकत होते.

पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. कॅन्टीन उघडलं. पहिली कॉफी अधीक्षकांनी घेतली, पूर्ण, बाय-टू नव्हे.

परशुरामचं नवं सर्टिफिकेट त्याच सोमवारी हातानं लिहून दिलं होतं, कारण कॉम्प्युटरवर कुणाचा भरवसा नव्हता. पुढच्या तपासणीला ते कॉम्प्युटरनं छापलं : ‘क्रोम अल्सर, दोन्ही हात’. खाली डॉ. जाधवांनी पेनानं ‘टाकीवरचं काम देऊ नये’ असं लिहून सही केली.

“आता मालक काय म्हणेल?” मी त्याला विचारलं.

“आता वाचेल,” परशुराम म्हणाला. “कॉलऱ्यापासनं माझा कागद नीट वाचू लागलाय.”

आरोग्य अधिकाऱ्यांनी तो गठ्ठा पत्रासोबत कारखाने निरीक्षकांकडे पाठवला. निरीक्षक पीण्यात गेले. ज्या कारखान्यांचे पत्ते गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा येत होते तिथे ते आधी गेले, आणि परशुरामचा कारखाना त्यांत होता. टाकीवर वाफ ओढणारा पंखा आणि कामगारांना लांब हातमोजे द्यावेत, असं त्यांनी मालकाला लिहून दिलं.

आयुधपूजेच्या आठवड्यात परशुरामला टाकीवरून काढून पॅकिंगला लावलं. त्याच्या जागी टाकीवर आलेल्या माणसाला हातमोजे मिळाले. सोमवारचा अहवाल जात राहिला, आणि त्यात क्रोम अल्सरची ओळ वेगळी छापली जात होती.

परशुराम डिसेंबरात पुन्हा तपासणीला आला. टाकीवर पंखा बसलाय असं त्यानं सांगितलं. डॉ. जाधवांनी त्याचे दोन्ही हात दिव्याखाली धरून पाहिले. खड्डे भरले होते, वण राहिले होते. मग त्यांनी त्याला मान मागे करायला सांगितली आणि टॉर्च घेतला. नाकाचा पडदा शाबूत होता.